पडिमात्रा

दरवर्षी पर्युषणाआधी आमच्या महिला मंडळाची एक बैठक होते आणि तिच्यात क्षमापना पत्रिकेचा मजकूर ठरतो. ठरायचं तसं काही नसतंच. मजकूर तोच, 'मिच्छामि दुक्कडम्' तेच, फक्त कागदाचा रंग बदलतो. गेल्या वर्षी मात्र माझ्या पुतणसुनेनं नमुना करून आणला आणि सगळ्या खुर्च्यांवरून पुढे सरकल्या. पिवळट, जुन्यासारखा कागद, दोन्ही बाजूंना तांबड्या रेघा, मध्यभागी एक तांबडा ठिपका, आणि अक्षरं अशी की जणू कुठल्या ज्ञानभांडारातून पोथीचं पान उचलून आणलंय. "किती सुंदर गं!" असं प्रत्येकीनं म्हटलं. मीही म्हटलं.

मग तो कागद आमच्या भुवाजींच्या हातात गेला. भुवाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. वय चौऱ्याऐंशी. प्रतिक्रमण तोंडपाठ. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि मोठ्यानं वाचलं, "मित्थामि दुक्कडम्." पुन्हा वाचलं. पुन्हा 'मित्थामि'. आम्ही हसलो. भुवाजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जे मला वाचता येत नाही, त्यात मी क्षमा कशी मागू बाई?"

पुतणसुनेचा चेहरा पडला. ती डिझाइन शिकलेली मुलगी. तिनं वरची ओळ एका जुन्या पोथीच्या फोटोवरून हातानं गिरवली होती, त्यासाठी दोन रात्री जागली होती. आणि गंमत अशी की तिचं काही चुकलेलं नव्हतं. जैन पोथ्यांच्या लिपीत 'च्छ' आणि 'त्थ' ही दोन जोडाक्षरं इतकी सारखी काढत की भले भले संपादकही त्यात फसलेले आहेत. आपल्या वर्षातला सगळ्यांत मोठा शब्द 'मिच्छामि', आणि नेमका त्याच्या पोटातच हा घोळ!

त्या दिवशी पत्रिकेचा निर्णय झाला नाही. पण भुवाजींचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. आपली ती जुनी अक्षरं गेली कुठे, कुणी घालवली, आणि आता अचानक सजावटीला परत का आली, याचा मी जमेल तसा शोध घेतला. स्टेट सेंट्रल लायब्ररी आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. मुसीच्या काठावरची ती १९३६ सालची पांढरी इमारत, जिला जुनी माणसं अजून 'आसफिया' म्हणतात. इतकी वर्षं तिच्यासमोरून भाजी घेऊन जात होते, आत क्वचितच गेले होते.

आधी त्या अक्षरांविषयी. आपल्या पोथ्यांची नागरी म्हणजे आजचीच बाळबोध नव्हे. तिचं वळण बोरूचं, जाडजूड, आडवं पसरलेलं. 'अ', 'झ', 'ण', 'भ' यांचे आकार वेगळे. शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नाही, ओळ सलग. आणि सगळ्यांत फसवी म्हणजे पडिमात्रा. संस्कृतात तिला पृष्ठमात्रा म्हणतात. आपण 'दे' लिहिताना मात्रा द-च्या डोक्यावर देतो. जुने लहिये ती द-च्या आधी, उभ्या काठीसारखी देत. दिसायला थेट कान्यासारखी. म्हणजे 'जयदेव' लिहिलं की आजच्या डोळ्यांना ते 'जयादव' दिसणार! बंगालीत आजही एकाराची खूण अक्षराच्या आधीच येते, त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही. आपल्याकडे मात्र ही रीत हळूहळू मागे पडली आणि मात्रा कायमची डोक्यावर गेली.

आमच्या सासरच्या जुन्या वह्यांची मुडिया लिपी आठवली. तिच्यात काना-मात्रा जवळजवळ नसतच. 'काकाजी अजमेर गया' हे पत्र 'काकाजी आज मर गया' असं वाचून घरात रडारड झाली, हा विनोद प्रत्येक मारवाडी घरात सांगतात आणि प्रत्येक जण तो आपल्याच काकाजींचा म्हणून सांगतो. पण व्यापाऱ्याची लिपी निदान घाईची होती, दुसऱ्यानं वाचू नये अशीही थोडी सोय होती. पोथीची लिपी तशी नाही. ती सावकाश, पुण्य म्हणून लिहिलेली. ती वाचता येऊ नये असं कुणालाच वाटत नव्हतं.

आणि ती कुणी लिहवून घेतली? इथे मला खरा आनंद झाला. १४६५ साली जौनपूरला, हुसेनशहा शर्कीच्या राज्यात, सोन्याच्या शाईनं एक कल्पसूत्र लिहिलं गेलं. चित्रकलेच्या इतिहासात ते फार प्रसिद्ध आहे. ते लिहवून घेणारीचं नाव शेवटी दिलं आहे, हर्षिणी श्राविका. त्याच्याही पाचशे वर्षं आधी अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती करवून वाटल्या. पोन्न हा राष्ट्रकूटांच्या दरबारातला, म्हणजे मान्यखेटचा. आजचं मळखेड. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे गाव निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा आम्ही हैदराबादकरणींनी त्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. हजार प्रती, त्याही ताडपत्रावर, एकेक अक्षर हातानं! आज आम्ही पाचशे पत्रिका छापायच्या तर खर्चावरून तास घालवतो.

पोथीच्या पानाच्या मध्यभागी जो तांबडा ठिपका असतो, त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ताडपत्रं लांबट, सुटी. ती एकत्र राहावीत म्हणून मध्ये भोक पाडून दोरी ओवत. पुढे कागद आला. कागदाच्या पोथीला दोरी लागत नव्हती, भोकाची गरज संपली. पण लहियांनी भोकाची जागा सोडायचं थांबवलं नाही. ती कोरी ठेवली, मग तिथे ठिपका काढला, मग ठिपक्याभोवती वेलबुट्टी. कागदाचा आकारही ताडपत्रासारखाच आडवा लांब ठेवला. म्हणजे 'जुन्यासारखं दिसलं पाहिजे' ही हौस आजच्या मुलींची नाही. सहाशे वर्षांपूर्वीच्या लहियालाही ती होती. हे पुतणसुनेला सांगितलं तेव्हा तिला जरा धीर आला.

मग छापखाना आला आणि आपल्यात खूप भांडणं झाली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापलं. तेव्हा लोकांना शंका की शाईत चरबी असते. धर्माचं पुस्तक त्या शाईत कसं छापायचं? त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. जैनांची अडचण त्याहून मोठी. शाई, रूळ, सरस, सगळ्यातच हिंसेची शंका. त्यात जिनवाणी कागदावर छापून बाजारात विकायची, कुणीही कुठेही टाकायची, ही ज्ञानाची आशातना. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या छापाविरोधानं गावोगावच्या पंचायती तापल्या होत्या. आज आपल्याला हे हास्यास्पद वाटतं. मला तितकं वाटत नाही. अक्षर पायाखाली येऊ नये ही भावना काही वाईट नव्हे. पण विरोध करणारे हे विसरत होते की भांडारातल्या पोथ्यांना कुलपं होती आणि किल्ल्या बायकांच्या हातात कधीच नव्हत्या. हर्षिणीनं सोन्यानं लिहवून घेतलेलं कल्पसूत्र तिला स्वतःला वाचता येत होतं की नाही, कोण जाणे.

सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांनी १८८४च्या सुमारास 'जैन बोधक' हे मराठी मासिक सुरू केलं आणि छापण्याच्या बाजूनं उभे राहिले. मुंबईत भीमसी माणेक त्याआधीपासून ग्रंथ छापत होते. पुढे नाथूराम प्रेमींनी मुंबईतच आयुष्य त्यात घातलं. या मंडळींनी शिव्याशाप खाल्ले म्हणून माझ्या आजीच्या हातात प्रतिक्रमणाचं चार आण्यांचं पुस्तक आलं.

आणि ते पुस्तक ज्या अक्षरात आलं त्या अक्षराचा कर्ता जावजी दादाजी. जन्म १८३९. लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासून साफ करायच्या कामाला लागलेला मुलगा. खिळे म्हणजे शिशाचे टाइप. तिथल्या टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली तो अक्षर ओतायचं काम शिकला. १८६४ साली त्यानं स्वतःची ओतशाळा काढली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. जोडीला राणोजी रावजी आरू हा कसबी मित्र, जो पोलादावर अक्षर कोरत असे. देवनागरी खिळे करणं म्हणजे साधं काम नव्हे. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून बावन्न. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं, सगळं मिळून शेकडो खिळे. जुळारी केससमोर उभा राहायचा तो जणू किराणा दुकानाच्या कप्प्यांसमोर. पोलादावर आधी ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिसं ओतायचं. एक वेलांटी तुटली की पान अडलं.

निर्णयसागरचं अक्षर इतकं स्वच्छ निघालं की तेच अक्षराचं शुद्ध रूप ठरलं. त्यांच्या 'काव्यमाला'त आपली 'धर्मशर्माभ्युदय', 'चंद्रप्रभचरित', 'यशस्तिलक' ही काव्यं आली. पुढे आगमोदय समितीनं आगम छापायला घेतले, तेव्हा त्यांतले कितीतरी कोलभाट लेनमधल्या याच छापखान्यात छापले गेले. आमच्या कपाटात सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेला त्यातला एक आहे. मी तो खाली काढला. बघते तर काय, आडवी लांब सुटी पानं! शिशाच्या खिळ्यांनी, यंत्रावर छापलेलं, पण रूप सगळं पोथीचं. शिवलेलं पुस्तक केलं नाही, पोथीच ठेवली, म्हणजे साधू-साध्वींना हातात एकेक पान धरून वाचता यावं आणि भाविकांना परकं वाटू नये. कागदाला ताडपत्राचं रूप, छापील पानाला कागदी पोथीचं रूप, आणि आता संगणकाला... तीच साखळी.

पण पान पोथीचं राहिलं तरी अक्षर बदललं होतं. पडिमात्रा गेली. पोथीतले 'अ', 'झ' गेले. दोन पिढ्यांत कुणाला आठवेनात. मला याचं वाईट वाटतं, आणि तरी मी जावजींना दोष देणार नाही. त्यांच्या अक्षरानंच बायका वाचायला शिकल्या.

सजावटीचं अक्षर छापखान्यात होतं, पण तेव्हा ते चटपटीत कामापुरतं. ठळक मथळ्यांना लाकडी ठसे, कडेला शिशाची फुलं जोडून केलेली चौकट, आणि त्याहून काही वेगळं हवं असेल तर चित्रकाराकडून लिहून घेऊन ब्लॉक करायचा. मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा. कमल शेडगे यांनी नाटकाचं नाव लिहिलं की अक्षरावरूनच कळायचं, हे नाटक हसवणारं की रडवणारं. शेडगे २०२०मध्ये गेले. ते अक्षर लिहिणं होतं, एकेका नावासाठी नवं. संगणक आला तेव्हा आधी सगळीकडे एकच साधं अक्षर पसरलं. विंडोजमधला 'मंगल', र. कृ. जोशींनी केलेला. पत्रिका, पावत्या, श्रद्धांजली, सगळं मंगलमध्ये. जोशींसारख्या मोठ्या सुलेखनकाराचं काम लोकांनी असं सरसकट वापरून कंटाळवाणं केलं, याला काय म्हणावं!

आता वारं उलटं फिरलंय. नव्या मुलामुलींना जुनं अक्षर हवं आहे. मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा' नावाचा फाँट निघाला. आणि आपल्यासाठी मोलाची गोष्ट म्हणजे 'एक टाइप' या मुंबईच्या मंडळींचा 'जैनी'. गिरीश दळवी आणि मैथिली शिंगरे या दोघांनी तो १५०३ सालच्या एका कल्पसूत्राच्या पोथीवरून केला. त्याची दोन रूपं आहेत. 'जैनी पूर्व'मध्ये अक्षरांचे जुने आकार जपले आहेत, तर नुसत्या 'जैनी'त वळण पोथीचं पण आकार आजच्या वाचकाला ओळखू येतील असे. कुणीही फुकट उतरवून घ्यावा. मैत्रिणींनो, जी अक्षरं आपल्या भांडारात कुलपात होती ती आज माझ्या फोनवर येऊ शकतात, हे मला अजून खरं वाटत नाही.

फक्त एक आहे. फुकट आणि सुंदर म्हटलं की माणसं कुठेही लावतात. मिठाईच्या खोक्यावर, साडीच्या पिशवीवर, सरबताच्या बाटलीवर. इंग्रजी अक्षरांना वरून शिरोरेषा ओढून हॉटेलाचं नाव 'भारतीय' करायची पद्धत तर तुम्ही पाहिलीच असेल. ती बघून मला आपल्या घरच्या देवाला कुणी टोपी घातल्यासारखं वाटतं. जुनं दिसणं आणि जुन्याशी नातं असणं यांत फरक आहे. भुवाजी बोलल्या ते त्याच फरकाबद्दल, त्यांच्या पद्धतीनं.

पत्रिकेसाठी मी आणि पुतणसून छत्ता बाजारात गेलो. नया पूल ओलांडला की पलीकडे हे छापखान्यांचं गाव लागतं. लग्नाच्या पत्रिकांच्या थप्प्या, उर्दूचे जुने कातिब आता मोजके. तिथल्या एका म्हाताऱ्या छापखानेवाल्यासमोर आम्ही दोन्ही नमुने ठेवले. तो देवनागरी फारशी वाचणारा नव्हे. त्यानं कागद लांब धरून पाहिला आणि विचारलं, "अम्मा, ये ऊपर का पढ़ने का है क्या देखने का है?" मी म्हटलं, म्हणजे? त्यानं त्याच्याकडची एक पत्रिका काढली. वर बिस्मिल्ला, हातानं लिहिलेली, अक्षरात अक्षर गुंफलेली. "ये देखने का. सब को याद है, पढ़ना किस को? नीचे तारीख-पता, वो पढ़ने का. वहाँ डिजाइन नक्को." मग त्यानं दुसरी पत्रिका दाखवली. तिच्यावर बिस्मिल्ला नव्हती, नुसता ७८६ हा आकडा. "कार्ड कचरे में जाता ना अम्मा. इस वास्ते कुछ लोगां नाम नई लिखते."

मी चकित झाले. ही आशातनाच की! आमच्या पंचायती ज्यावरून भांडल्या तेच, नदीच्या पलीकडे, दुसऱ्या लिपीत.

परत येताना पुतणसून गप्प होती. घरी आल्यावर म्हणाली, "काकीजी, भुवाजींना 'मिच्छामि' पाठ आहे. तरी त्यांनी वाचूनच पाहिलं." तेच तर. बिस्मिल्ला बघायची असेल, पण क्षमेचा शब्द भुवाजींना वाचायचा होता. आपल्याकडे पूर्वी साधूंना चातुर्मासाचं निमंत्रण द्यायला विज्ञप्तिपत्रं पाठवत, लांबच लांब गुंडाळ्या, बाजार, मंदिरं, माणसं सगळं चित्रात. १६१०चं आग्ऱ्याचं विज्ञप्तिपत्र शालिवाहन नावाच्या चित्रकारानं रंगवलं, त्यात जहांगीरचा दरबारसुद्धा आहे. पण चित्राखालचं पत्र वाचण्यासाठीच असे. विनंती असायची, क्षमा असायची.

शेवटी असं केलं. वरची ओळ 'जैनी'त, आजच्या आकारांची, 'च्छ' स्पष्ट. आतला मजकूर साध्या ठळक अक्षरात, नेहमीपेक्षा मोठ्या, कारण मंडळातल्या निम्म्या जणींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. मधला तांबडा ठिपका ठेवला. आणि मागच्या बाजूला, खाली, पुतणसुनेची दोन रात्रींची ओळ जशीच्या तशी, पडिमात्रेसह, आणि तिच्याखाली दोन वाक्यांत ती कशी वाचायची ते. सह्यांच्या जागी दरवर्षी दुकानांची नावं असत, अमुक ट्रेडर्स परिवार, तमुक ज्वेलर्स परिवार. या वेळी मी हट्टानं बायकांची नावं घातली. एक-दोन घरांतून कुरकुर आली. हर्षिणीचं उदाहरण दिलं, ते त्यांना फारसं पटलं नाही, पण छापून झालं होतं.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी भुवाजी पत्रिका घेऊन बसल्या होत्या. मागची ओळ बोटानं एकेक अक्षर पुढे सरकत वाचत होत्या. काठी दिसली की थांबायच्या, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ती मनानं चढवायच्या, मग पुढे. शेवटाला पोचल्यावर पुतणसुनेला हाक मारली. "ए बेटा, 'अ' असा काढायचे होय? मला लिहून दाखव."

उरलेल्या सतरा पत्रिका मी रद्दीच्या पिशवीत ठेवल्या होत्या. त्या भुवाजींनी काढून घेतल्या, पोथीच्या फडक्यात बांधल्या आणि आगमाच्या शेजारी कपाटात ठेवल्या. ज्ञानपंचमीला कपाट पुसताना त्या तशाच होत्या.